पडद्याबाहेर आलेलं नाव

नरमीनने दुरुस्ती पाठवायचं बटण दाबलं, चहाचा घोट घेतला आणि स्क्रीनवर स्वतःचं खरं नाव वाचून कप तसाच खाली ठेवला.

‘पडदा’ ही संगणक चालवणारी प्रणाली जगभरच्या चाळीस-पन्नास अनोळखी माणसांनी मिळून फुकट बांधली होती. पेनड्राइव्हवरून चालवायची, काम झालं की काढून घ्यायची. संगणकात मागमूस उरत नाही. सरकारला खुपेल असं लिहिणाऱ्यांसाठीच होती ती. अलेक्झांड्रियातल्या आपल्या स्वयंपाकघरात बसून नरमीन तिथे ‘अबू किर्श’, म्हणजे ढेरपोट्या, या नावाने काम करी. असंच काम करणाऱ्या एका मास्तरांना गेल्या वर्षी उचलून नेलं होतं. ते अजून घरी आलेले नाहीत.

‘पडद्या’चा गाभा सी भाषेतला. तिथे मेमरी पुसायची आठवण माणसानेच ठेवायची, आणि एका जागी ती राहून गेली होती. नवे भाग रस्टमध्ये होते. मेमरीच्या पुष्कळ चुका ती भाषा आधीच टोकते. नरमीनने आज घाईघाईत ऑफिसच्या लॅपटॉपवरून ती सीमधली चूक सुधारली. त्या लॅपटॉपवर तिचं खरं नाव भरलेलं होतं. नाव चुकलं तर कुठलीच भाषा टोकत नाही.

“मग खोडून टाक ना!” तिचा नवरा वजीह म्हणाला.

“अरे, प्रत्येक ओळीला लिहिणाऱ्याचं नाव चिकटतं. एव्हाना शेकडो जणांकडे नक्कल गेली असेल. आता खोडलं तर उलट सगळे विचारतील, काय लपवलंत?”

“जगाला लपवायला निघाली, आणि स्वतःच उघडी पडली!” तो चिडला. त्याने दाराची कडी तिसऱ्यांदा तपासली.

नरमीनने साथीदारांना कळवलं. तासाभरात नवी दुरुस्ती आली. लिहिणारी: नरमीन शुक्री. मग दुसरी आली, दहावी आली, चाळिसावी आली. तिथे नाव ज्याचं त्याने भरायचं, कुणी तपासत नाही. सगळ्यांनी तिचंच भरलं होतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, “आता शोधू देत तुला, ढेरपोट्या!”

नरमीनला रडूच फुटलं. यातल्या एकाचंही तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं.

वजीह मात्र ती लांबलचक यादी बघत राहिला.

“नरमीन,” तो हळूच म्हणाला, “यातल्या अलेक्झांड्रियात राहणाऱ्या खऱ्या नरमीन शुक्री किती गं?”