ब्रेटच्या पायाखालची दोन पेडलं

ब्रेट हॅलोरनने मला बँडमधून काढलं ते पबच्या मागच्या गाडीतळावर, मी माझ्या बेस गिटारचा जड अँप्लिफायर एकटीने गाडीत चढवत असताना. हात लावायचा सोडून तो म्हणाला, "ट्रूडी, मनाला लावून घेऊ नकोस. पण बेस कुणाला ऐकू येतो गं? चार तर तारा. त्या मीच वाजवीन, गिटारला कीथ येतोय." आमची ड्रमवाली लोर्ना शेजारी उभी राहून वायर गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

बँडची निम्मी गाणी माझी होती. त्यातलं 'भट्टीची पाळी' तर शब्दांपासून सुरांपर्यंत माझंच. माझ्या बापाचा जन्म पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात गेला, त्याचं गाणं. ब्रेट म्हणाला, गाणी बँडची, बँडकडेच राहतील. मी दरवाजा आपटून गाडी काढली. वोलाँगाँगपर्यंत एकच विचार करत होते : बेस ऐकू येतो, हे या माणसाच्या तोंडून चारचौघांत वदवून घ्यायचं. त्याशिवाय माझा जीव शांत होणार नव्हता.

फार वाट पाहावी लागली नाही. मी वाद्यांच्या दुकानात पेडलांच्या, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलणाऱ्या डब्यांच्या, काउंटरवर बसते, आणि सिडनीला जायचं नसेल तर इथल्या बँडवाल्यांना माझ्याच दारात यावं लागतं. ब्रेट आला. येत्या रविवारी पबमध्ये दुपारचा कार्यक्रम होता, आणि उन्हाळी महोत्सवासाठी बँड निवडणारी बाई ऐकायला येणार होती.

"राग गेला का?" त्याने काउंटरवर कोपर टेकत विचारलं.

"कसला राग? काय दाखवू?"

"एक कॉम्प्रेसर, एक ओव्हरड्राइव्ह. बेस असा गुरगुरला पाहिजे की बाईची खुर्ची हलली पाहिजे."

आमचा म्हातारा मालक वेर्नर याचा एक नियम आहे. बेसचं पेडल गिऱ्हाइकाला एकटं ऐकवायचं नाही. मागच्या स्पीकरवर ड्रम आणि गिटारचं रेकॉर्डिंग लावायचं आणि त्यांच्यात ऐकवायचं. एकट्याने वाजवलं तर कुठलंही पेडल गोड लागतं. खरी परीक्षा गर्दीत. त्या दिवशी वेर्नर जेवायला गेला होता आणि मागचा स्पीकर मी लावला नाही.

पण माल मात्र मी चोख दाखवला. आधी एक साधा कॉम्प्रेसर ठेवला. मोठा स्वर थोडा दाबायचा, लहान थोडा उचलायचा, एवढंच त्याचं काम. चालू आहे हे कळूही नये. शेजारी ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाजाला खरखर आणणारं पेडल, तोही बेससाठीच बनवलेला ठेवला. त्यात एक बटण असतं, ते खरखरीच्या बरोबरीने मूळचा स्वच्छ आवाजही पुढे जाऊ देतं. नुसता ऐकला तर मिळमिळीत वाटतो.

"ही दोन ने," मी म्हटलं. "बँडमध्ये हीच चालतील."

ब्रेटने वाजवून पाहिलं आणि हसला. "हे चालू तरी आहे का? जुना माल माझ्या गळ्यात मारतेस होय?"

मी सांगितलं म्हणूनच तो ती नेणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. जित्याची खोड. मग त्याने स्वतःच कपाटातून गिटारचा ओव्हरड्राइव्ह उचलला, कॉम्प्रेसरची सगळी बटणं उजवीकडे पिळली आणि वाजवलं. दुकानात वाघ शिरल्यासारखं झालं. ब्रेट लहान पोरासारखा खूश.

"याला म्हणतात बेस!"

"तुझे कान, तुझी निवड," मी म्हटलं आणि पिशवीत भरून दिलं. खरं बोलूनही माणसाला खड्ड्यात घालता येतं. माणूस तेवढा ब्रेटसारखा हवा.

रविवारी मी पुढचंच टेबल धरलं. मटणाचं तबक बक्षीस असलेली पबची नेहमीची सोडत नुकतीच संपली होती, लोक तळलेलं श्निट्झल खात होते. महोत्सवाची बाई खिडकीपाशी बसली होती.

पहिल्या गाण्यातच सगळं बाहेर आलं. गिटारचा ओव्हरड्राइव्ह खालचे जाड सूर खाऊन टाकतो आणि मधली खरखर ठेवतो. त्या खरखरीवर कीथची गिटार चढून बसली. बोटाचा जो ठोका ऐकू यायचा, तो कॉम्प्रेसरने चिरडला. ब्रेट घाम गाळत होता आणि ऐकू काहीच येत नव्हतं. त्याने आवाज वाढवला, खरखर वाढली. वैतागून त्याने दोन्ही पेडलं बंद केली, तर त्याची बोटं उघडी पडली : एक स्वर धाडकन, पुढचा मेलेला. पुन्हा चालू केली. नाचायला उठलेले लोक बसले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मध्यंतरात तो माझ्या टेबलाशी आला. "तुला माहीत होतं."

"मी सांगितलं होतं. तू हसलास."

"ट्रूडी, पाया पडतो. उरलेली गाणी वाजव. बाई अजून आहे."

"माइकवर सांग. मग बघू."

तो गेला आणि खरंच बोलला. "मंडळी, मी म्हणालो होतो, बेस कुणाला ऐकू येतो. चुकलो. ट्रूडी नसेल तर आमचा बँड पोकळ आहे. ट्रूडी, वर ये."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि बसून राहिले. ब्रेट हात पुढे करून उभा होता. "येतेस ना?"

"छान बोललास," मी म्हटलं. "आता वाजव."

त्याने हात मागे घेतला. त्याने 'भट्टीची पाळी' सुरू केलं. सुरुवातीला नुसता बेस आहे, म्हणून दुकानातला तो वाघ पुन्हा गरजला आणि लोकांनी माना वळवल्या. मग ड्रम आले, गिटार आली, आणि गाण्याचं पोट गेलं. माझ्या बापाचं गाणं डबड्यासारखं वाजत होतं. माझी बोटं टेबलाखाली मांडीवर खरे सूर वाजवत होती. मला रडू येत होतं आणि तरी मी उठले नाही. महोत्सवाची बाई उठून लोर्नाशी काहीतरी बोलली आणि निघून गेली.

लोर्ना झांजा काढत असताना मी तिच्यापाशी गेले. "काय म्हणाली?"

"बँड नको म्हणाली. वाजवणाऱ्यांचं सोडा म्हणाली, पण ते शेवटचं गाणं अगदीच टाकाऊ. कुणी लिहिलंय, विचारत होती. पुढे कधी त्या माणसाची गाणी ऐकायलाही घेणार नाही म्हणे."

"मग? काय सांगितलंस तू?"

"खरं तेच सांगितलं," लोर्ना म्हणाली आणि झांज पिशवीत घातली.