एकवीस इंची चाक

माझा दीर हॉइट त्या मार्चमध्ये जुनी हार्ली मोटरसायकल पिकअपमध्ये घालून आमच्या दारी घेऊन आला, तेव्हा मला आधी बरंच वाटलं. त्याची बायको अर्लेटा गेल्यापासून त्याने कशात मन घातलं नव्हतं. तेलविहिरीवरची पाळी संपली की घरी जायचं आणि पडदे ओढून बसायचं. मी बीन्स आणि मक्याचा पाव डब्यात घालून नेऊन द्यायचे. डबा पुष्कळदा तसाच परत यायचा.

गाडी अठ्ठेचाळीस सालची होती. माझा नवरा वर्लन ऑइलडेल गावात असल्याच गाड्या कापून, जोडून नव्या करायचा आणि त्यांच्या सीटा मी शिवायचे. म्हटलं, बरं झालं, आता दोघे भाऊ महिनाभर एका छपराखाली हात काळे करतील.

चौकट कापली, टाकी घासली, इंजिन उघडून पुन्हा बसवलं, तोवर सगळं ठीक होतं. गाडं अडलं ते पुढच्या चाकाशी. मूळचं सोळा इंची जाडजूड चाक तर जाणारच होतं. वर्लनने एकोणीस इंची काढून ठेवलं होतं, ब्रेकच्या ड्रमसकट. हॉइटने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला एकवीस पाहिजे. बारीक टायरचं. आणि हब साधा, ब्रेकशिवाय."

त्या वर्षांत पोरं तसंच मागायची. उंच, किडकिडीत चाक, मधे मुठीएवढा हब, ब्रेक नाही, केबल नाही. दिसायला देखणं. वर्लनने तसली कितीतरी बनवून दिली होती. पण ती पोरं संध्याकाळी बेकर्सफील्डच्या सरळ रस्त्यावर मिरवायची.

"तू चालवणार कुठं?" वर्लनने विचारलं.

"चालवीन कुठंही."

"नदीच्या घाटात?"

कर्न नदीच्या त्याच घाटात मागच्या वर्षी हॉइटची गाडी खडीवर घसरली होती. मागे अर्लेटा बसली होती. त्याला नुसतं खरचटलं, आणि ती जागच्या जागी गेली.

"घाटात एकवीस नाही देणार," वर्लन म्हणाला. "टायर केवढुसा रस्त्याला टेकतो बघ. वर ब्रेक नाही. उतारावर नुसत्या मागच्या ब्रेकवर हे धूड थांबवशील होय रे?"

"लोक थांबवतात."

"लोक मरतातही."

"मग लॉस एंजेलिसला नेतो. तिथं कोणीही लावून देईल."

"ने की! नाहीतरी दुकान भरून गेलंय तुझ्या कटकटीने."

मी सुई टोचून ठेवली आणि मधे पडले. "हॉइट, ब्रेक असला तर तुझं काय बिघडतं? नको वाटला तर दाबू नकोस."

तो माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा असा झाला, की मला वाटलं विचारलं नसतं तर बरं.

"दाबला होता, नेडीन. तेच तर. खडी दिसली आणि मी पुढचा ब्रेक गच्च दाबला. चाक अडकलं, आडवं झालं. नसता दाबला तर सरळ निघून गेलो असतो. ब्रेक नसता तर दाबलाच नसता."

आम्हा दोघांना हे ठाऊक नव्हतं. पोलिसांना, पाळकांना, अर्लेटाच्या आईला, सगळ्यांना त्याने 'घसरलो' एवढंच सांगितलं होतं. वर्लनने हातातला पाना पुसला, परत पुसला. मग म्हणाला, "बरं. एकवीस लावतो."

हॉइट गेल्यावर मी वर्लनवर तुटून पडले. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"मी नाही लावलं तर दुसरा लावेल, तेही वेडंवाकडं. आणि बनवलेली गाडी पहिल्यांदा मीच चालवतो, हे त्याला ठाऊक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही," असं म्हणून तो चाकाचे आरे ताणायला बसला.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. वर्लन गाडीवर पुढे. मागून पिकअपमध्ये हॉइट आणि मी. वर्लन घाटाकडे वळला तसा हॉइट पुटपुटला, "इकडं कशाला मरायला?" त्या अपघातानंतर हॉइट या रस्त्याने आला नव्हता.

वर जाताना काही झालं नाही. वरच्या पेट्रोलपंपावर वर्लनने तोंड धुतलं, गाडी वळवली आणि उताराला लागला. वेगात नव्हता. एका वळणाच्या पुढे मासे धरायला आलेल्या कोणाची तरी मोटार नदीकडच्या कच्च्या वाटेवरून मागे मागे रस्त्यावर येत होती. वर्लनने मागचा ब्रेक दाबला. मागचं चाक किंचाळलं, धूर निघाला, पण गाडी पुढे चाललीच होती.

"पुढचा दाब!" हॉइट ओरडला. "वर्लन, पुढचा दाब! पुढचा!"

पुढचा नव्हताच. वर्लनने गाडी डोंगराकडे घातली आणि ती त्याला घेऊन दगडांवर आपटली.

हॉइट माझ्याआधी पोचला. गाडी ढकलून त्याने भावाचं डोकं मांडीवर घेतलं आणि लहान मुलासारखा मोठमोठ्याने रडू लागला. अर्लेटाच्या दफनाच्या वेळी तो रडला नव्हता. वर्लन शुद्धीवर होता. "खांदा, खांदा सोड, गाढवा," एवढंच म्हणत होता.

खांद्याचं हाड दोन जागी मोडलं होतं. हॉस्पिटलात हॉइट कॉफी आणायला गेला तेव्हा मी विचारलं, "मुद्दाम पडलास?"

"नाही गं. पुढच्या ब्रेकशिवाय थांबता येतं का, तेवढंच त्याला दाखवायचं होतं."

"आणि मला काय दाखवणार होतास? तो त्याची बायको घालवून बसलाय, म्हणून तू मला विधवा करायला निघालास?"

मी पुष्कळ दिवस वर्लनशी कामापुरतंच बोलत होते. शर्टाची बटणं लावून द्यायचे, मांस कापून द्यायचे, पण बोलावंसं वाटत नसे. त्याने केलं ते भावासाठी, हे कळत होतं. कळून राग जात नव्हता.

हॉइट रोज यायला लागला. वर्लन खुर्चीत बसून सांगायचा आणि हॉइट करायचा. वाकडं झालेलं एकवीस इंची चाक त्याने स्वतः सोडवलं. कोणी न विचारता म्हणाला, "एकोणीस बसवतो. ड्रमवालं." वर्लनने मान डोलावली. ब्रेकची केबल ओढताना मात्र तो मधेच उठून बाहेर गेला, परत आला आणि पुन्हा ओढायला बसला.

जूनमध्ये तो ती गाडी घेऊन एकटाच घाटात जाऊन आला. मी दुपारभर शिवणावर बसले, पण टाका सरळ पडेना. आला तेव्हा हेल्मेट काढून पायरीवर बसला.

"अर्लेटा गेली त्या वळणापर्यंत गेलो. पुढं जाववलं नाही."

"ब्रेक लावलास?"

"लावला. हळू लावला. थांबली गाडी." मग म्हणाला, "त्या दिवशीही हळू लावला असता तर थांबली असती, नेडीन."

आत वर्लन एका हाताने रेडिओचं बटण फिरवत होता. दुसरा हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. मी हॉइटला ताट वाढलं, आणि त्याने थोडं खाल्लं.