श्री. वारलू पुन्हा रुजू

वैनतीर विद्यापीठाच्या आस्थापना शाखेत मी सव्वीस वर्षं काढली आणि एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. प्राध्यापकांना जगातलं सगळं कळतं, स्वतःच्या रजा तेवढ्या कळत नाहीत. अर्जित रजा, अर्धपगारी रजा, अभ्यास रजा, बालसंगोपन रजा, गावी जायची प्रवास सवलत. सरकारनं ताट वाढून ठेवलेलं असतं, यांना ताट कुठे ठेवलंय तेच ठाऊक नसतं. मग ते माझ्या टेबलाशी येतात आणि 'हेमराजभाऊ, बघा ना जरा' म्हणतात. मी बघतो, पण नियमानं बघतो. सावली तालुक्यातला माणूस आहे मी. आमच्याकडे धानाच्या बांधीला पाणीसुद्धा पाळी आल्याशिवाय कोणी घेत नाही.

माझं भूषण म्हणजे माझी लाल शाई. सेवापुस्तकात मी एकदा लाल रेघ मारली की ती कुलगुरूंच्या बापालाही पुसता येत नाही. त्या रेघेनंच पुढे माझी फजिती केली.

झालं असं, की वनस्पतिशास्त्राच्या दीपिका नरोटे मॅडमच्या सासऱ्यांचं नाव अवलंबितांच्या यादीत होतं. लग्न झालेल्या बाईला आईवडील किंवा सासूसासरे यांतली एकच जोडी निवडता येते. मॅडमनी सासूसासरे निवडले होते, मंगली आणि वारलू. एटापल्लीच्या पलीकडे जंगलात कोसमटोला नावाचं गाव आहे, तिथले हे लोक. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या तोंडावर वारलू वारले. मी रेघ मारली, वर 'मयत' लिहिलं आणि नव्या संगणकातही तसंच टाकलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, दोन मिनिटांत आटोपला.

त्यानंतर तेरा महिन्यांनी मॅडमना मुलगा झाला. दोन महिने आधीच आला, वजन दीड किलो आणि डावं पाऊल आत वळलेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी वजन भरू द्या, मग प्लास्टर लावू. दर सोमवारी जुनं काढायचं, नवं घालायचं, असे आठ आठवडे. पाय सरळ होईल, पण आता होईल. उशीर केला तर हाड घट्ट होतं आणि मग चिरफाड करावी लागते. वजन भरलं तोवर प्रसूती रजा संपली होती. मॅडमचा नवरा पवन भामरागडकडे वनरक्षक आहे, वणव्याच्या दिवसांत त्याला घरी जेवायलासुद्धा सोडत नाहीत. शिवाय बाळ अंगावर पिणारं. म्हणून मॅडमनी पहिल्या प्लास्टरच्या तीन आठवडे आधी माझ्याकडे बालसंगोपन रजेचा अर्ज दिला. अगदी नीट भरलेला होता, मला कौतुक वाटलं.

मी मुलाचं नाव संगणकात टाकलं. वारलू नरोटे. संगणक म्हणाला, सदर व्यक्ती मयत आहे.

मॅडम म्हणाल्या की हे बाळ आहे. मी म्हटलं, "मॅडम, मले दिसून राह्यलं. त्याले नाई दिसत."

तो संगणक एक नाव एकदाच घेतो. मी मार्ग सुचवला. म्हटलं, नाव बदला, आजकाल किती गोड गोड नावं निघाली आहेत, कोणाला त्यांचा अर्थही माहीत नसतो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नाव आम्ही नाई ठेवलं, भाऊ. ते नाव घेऊनच आले."

'ते' म्हणाल्या. मग माझ्या लक्षात आलं की बाई मुलाचं नाव तोंडानं घेतच नाहीत. सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, म्हणून कागदावर लिहितात, पण हाक मारताना 'मामाजी' म्हणतात. बाळाला त्या सोबतच आणत, मधल्या सुट्टीत पोरगं रडलं की अख्खी शाखा ऐकायची, 'मामाजी, रडू नका, दूध देते.' त्यांच्याकडे गेलेलं माणूस घरातच परत येतं. ज्याचं नाव घेतल्यावर बाळ शांत होतं, तो आलेला असतो. मला यात काही गैर वाटलं नाही. आमच्या शाखेतून गेलेली फाईल परत येत नाही, माणूस येत असेल तर उलट चांगलं आहे.

संगणकातून 'मयत' काढायचा एकच रस्ता होता, हयातीचा दाखला. पेन्शनवाले दरवर्षी देतात तो. मी कोरा नमुना आणला. 'मी आज रोजी हयात आहे' या वाक्याखाली बाळाचा अंगठा घेतला. अंगठा इतका लहान की ठसा मुंगीनं पाय ठेवल्यासारखा उमटला. मग बाळाला कुलसचिवांसमोर हजर केलं. त्यानं साहेबांचा शिक्का उचलून तोंडात घातला आणि काढून घेतल्यावर असं भोकाड पसरलं की शिपाई धावत आला. साहेबांनी लिहिलं, 'समक्ष पाहिले, हयात असल्याची खात्री पटली.'

मी दाखला चढवला. संगणकानं मुकाट्यानं 'मयत' काढलं आणि खाली दाखवलं: वारलू नरोटे, हयात, वय त्र्याहत्तर. बालसंगोपन रजा अठरा वर्षांखालील अपत्यासाठीच देय आहे. अर्ज नामंजूर.

एक आठवडा गेला होता. मॅडमच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं होतं.

कुलसचिवांनी एकसदस्यीय समिती नेमली, सदस्य मी. विषय: अवलंबित श्री. वारलू हे तेच आहेत की दुसरे, याची जागेवर चौकशी करणे. निघताना साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, 'दुसरे' असं लिहून आणा, मी नव्यानं नोंद करून सही मारतो, विषय संपला. सोपं काम होतं. पण मी समिती होतो. समितीनं आधी निष्कर्ष काढून मग चौकशीला जावं, हे मला पटत नाही. तसं सगळेच करतात, हा भाग वेगळा.

कोसमटोल्यात अंगणभर मोहफुलं वाळत टाकलेली होती आणि त्यांचा वास थेट डोक्यात जात होता. चौकशीसाठी मॅडमनी बाळाला गावी आणलं होतं, मंगलीबाई त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी सतरंजीवर बसलो, फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि अधिकृत आवाजात विचारलं की हे वारलू तेच का दुसरे.

बाईंनी बाळाचं टोपडं सारखं केलं. म्हणाल्या, "तोच व्हय. दुसरा कोण येईन माह्या घरी?"

पुरावा मागितला, तर तोही दिला. पोर तीन दिवस दूध घेत नव्हतं. गावातली म्हातारी माणसं जमली आणि गेलेल्यांची नावं एकेक करून घेऊ लागली. त्या नावाला त्यानं तोंड लावलं. नवऱ्याचं नाव त्याही घेत नव्हत्या, 'त्या नावाला' एवढंच म्हणाल्या. मग बाळाचा डावा पाय हातात धरून मला दाखवला.

"त्याचा बी हाच पाय होता. जलमभर वाकडा चालला. नाचाले जात नोहता, म्हणे लोकं पाह्यतेत. मरताना मले म्हणे, आता येईन त सरळ पाय घेऊन येईन. मंग दोन महिने आधीच आला. घाई केली न त्यानं. पाय तसाच राह्यला."

मी ते शब्दशः लिहून घेतलं. साक्षीदार स्थिर, जबाबात विसंगती नाही, कोणताही हेतू नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये मी खूप विचार केला, म्हणजे अर्धा तास तरी. आणि निष्कर्षाच्या रकान्यात लिहिलं: 'तेच.' खोटं लिहिणं माझ्या हातून होत नाही, आणि सव्वीस वर्षांत त्यामुळे माझ्याशिवाय कोणाचंही नुकसान झालं नव्हतं.

कुलसचिवांनी अहवाल वाचला आणि कपाळाला हात लावला. पण अहवालावर समितीचा शिक्का होता, तो परत घेता येत नाही. गुरुवारी आदेश निघाला. श्री. वारलू हे तेच असल्याचे समितीने सिद्ध केले आहे. सबब त्यांचा मृत्यूचा तेरा महिन्यांचा कालावधी असाधारण रजा म्हणून नियमित करण्यात येत आहे. वय त्र्याहत्तर असल्याने बालसंगोपन रजा अनुज्ञेय नाही. पुनर्विचार हवा असल्यास व्यवस्थापन परिषदेच्या पुढील बैठकीत. पुढील बैठक जूनमध्ये होती. पहिलं प्लास्टर सोमवारी होतं.

शुक्रवारी सकाळी मॅडम आल्या, सोबत मंगलीबाई आणि बाईंच्या पाठीशी लुगड्यात बांधलेलं बाळ. पहाटेची गाडी धरून आल्या होत्या. मॅडमनी आदेश माझ्या टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. "हेमराजभाऊ, तुम्ही 'दुसरा' लिहिलं असतं त काय बिघडलं असतं?"

मी मान खाली घातली. उत्तर मंगलीबाईंनीच दिलं.

"त्यानं लबाडी काऊन लिहावी? मीच सांगतलं त्याले." मग त्यांनी बाळ पाठीवरून सोडून माझ्या टेबलावर, आवक-जावक नोंदवहीवर बसवलं. "साहेब, या पायाले सत्तर वर्षं उशीर आधीच झाला. अजून किती बसवता?"

मला लाज वाटली. उघडच सांगतो, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या टेबलाची, माझ्या लाल शाईची आणि त्या शिक्क्यांची लाज वाटली. नियम पाळून मी एका पोराचा पाय वाकडा ठेवत होतो. बाळ मात्र मजेत होतं, जावकचं पान फाडत होतं.

मी आदेश पुन्हा वाचला. वाचता वाचता 'असाधारण रजा' या शब्दांवर अडखळलो. रजा म्हटली की रजेवरून परत येणं आलं. परत आल्यावर रुजू अहवाल आला. वारलूंचा रुजू अहवाल घेतलाच गेला नव्हता! रजेचा अर्जही नव्हता, आणि अर्जाविना तेरा महिने गैरहजर राहिलेल्याच्या सेवेत, रजा मागाहून नियमित केली तरी, खंड पडतो. खंड पडला की आधीचं काही मोजत नाहीत, हे शाखेतली टेबलखुर्चीसुद्धा जाणते.

मी खुर्ची सरकवली आणि विचारलं, "बाई, तो सकाळी आला का दुपारी?"

"कोंबडं आरवाच्या वक्ताले," मंगलीबाई म्हणाल्या.

मी लिहायला बसलो. 'अवलंबित श्री. वारलू हे दिनांक १४ सप्टेंबर रोजी पूर्वाह्नात पुन्हा रुजू झाले. सेवेत खंड पडल्याने त्यांचे पूर्वीचे एकाहत्तर वर्षांचे वय जप्त करण्यात येत आहे. सबब त्यांचे वय रुजू दिनांकापासून धरले असता सात महिने भरते.' रुजू अहवालावर पुन्हा तो मुंगीएवढा अंगठा घेतला.

कुलसचिवांनी कागद दोनदा वाचला. मला वाटलं, आता माझीच चौकशी लागते. पण ते म्हणाले की गेल्या महिन्याभरात या प्रकरणात त्यांना पहिल्यांदाच काही समजलं, आणि सही केली. संगणकात वय सात महिने टाकलं, रजा मंजूर झाली. रविवारी दुपारी मॅडम आणि त्यांचे मामाजी नागपूरला निघाले.

त्या आठ आठवड्यांत मी दर सोमवारी बेचैन असायचो. घरी बायकोनं विचारलं तर सांगितलं, एका कर्मचाऱ्याची काळजी आहे.

पावसाळा लागल्यावर एक दिवस मंगलीबाई एकट्याच बाळाला घेऊन शाखेत आल्या. मॅडम वर्गावर होत्या. बाईंनी बाळाला पुन्हा माझ्या टेबलावर ठेवलं, मोजा काढला. दोन्ही पाय सारखे. मी वाकडा होता तो कोणता ते विसरलो आणि दोन्ही धरून पाहिले. माझे डोळे भरून आले, ते शिपायानंही पाहिलं.

बाईंचा चेहरा मात्र पुरता हसला नव्हता. त्या त्या पायावरून अंगठा फिरवत बसल्या. म्हणाल्या, "बरं झालं. आता नाचन तो. पण भाऊ, पुढच्या खेपेले याले कशावरून वळखाचं?"

माझ्याकडे नियम नव्हता.

"तवा मी त नाई राहीन," त्या म्हणाल्या. "तुमच्या वहीत राह्यते न सारं? लिहून ठेवा."

मी सेवापुस्तक काढलं. लाल रेघ मारलेलं नाव, त्याच्या बाजूला 'पुन्हा रुजू', आणि शेवटचा रकाना ओळखीच्या खुणेचा. लाल शाई बाजूला ठेवली, निळं पेन घेतलं आणि लिहिलं: 'डावा पाय आधी वाकडा होता, मंगलीबाईंनी सरळ करून घेतला. हाच तो.' बाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि खाली सही म्हणून अंगठा दिला.