उघड आहे
मेली ती एक ओळ! माझ्याच शोधनिबंधातली, वीस वर्षांपूर्वीची. आणि तिच्यापायी शंकासूर संशोधन सोडत असल्याचं पत्र घेऊन माझ्या टेबलासमोर उभी होती. शंकासूर म्हणजे माझी विद्यार्थिनी. प्रश्न विचारून जीव खाते म्हणून मीच ठेवलेलं नाव.

"मॅडम, तुम्ही जिथे 'उघड आहे' लिहिलंय, ते मला वर्षभरात सिद्ध करता आलं नाही. माझ्यात ती कुवतच नाही. मी सोडते."

आमचा भौतिकशास्त्राचा धंदा असा: विश्वाला कड आहे असं धरायचं, आणि आत खोलवर जे घडतं ते कडेवरच्या खुणांवरून परत उभं करायचं. माझ्या सूत्राने ते जमतं, पण काळ आणि अंतर एकाच मापाने ताणले जात असतील तरच. मापं वेगळी असली तर? तिथे मी लिहून मोकळी झाले होते: तेच सूत्र चालतं, हे उघड आहे. आम्हा लोकांची ही खोडच. जे करायचा कंटाळा येतो ते उघड असतं.

"आण ती तुझी आकडेमोडीची वही इकडे," मी खेकसले. दहा मिनिटांत पोरीची चूक दाखवते, असं मनात होतं.

दुपार गेली, चूक सापडेना. मापं वेगळी धरली की काही लाटा आतच अडकत होत्या. कडेपर्यंत येता येता त्यांचा माग इतका पुसट व्हायचा, की तो परत मोठा करायला ज्या आकड्याने गुणायचं त्याला मर्यादाच नव्हती. कडेवर तिळाएवढी चूक झाली तरी सगळं मुसळ केरात. म्हणजे आतलं सगळं वाचता येतच नव्हतं. पोरीने हेच उत्तर तीनदा काढलं होतं, आणि आपलंच चुकलं असणार म्हणून तीनदा खोडलं होतं.

मी पेन खाली ठेवलं.

"तुझं बरोबर आहे गं," मी म्हणाले. "चुकले मी."

ती रडायलाच लागली. मग नाक पुसत म्हणाली, "आणि माझ्या आधी याच ओळीवर संशोधन सोडून गेलेला तो मुलगा?"

त्याला अकरा वर्षं झाली. तो जाताना मी त्याला म्हणाले होते, हे तुझ्या आवाक्यातलं काम नाही. आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्यासमोरच फोन लावला.

"मॅडम?" त्याने आवाज लगेच ओळखला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "सुटली का हो ती ओळ कुणाला? मी अजून दर रविवारी ती घेऊन बसतो."