दगडाबाईच्या वाटणीचा तुकडा

महिन्याच्या पहिल्या रविवारची भाकर दगडाबाईचीच. सोनपेठच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीने वाटून खायच्या घासाला, पाव नसतो. ज्वारीची भाकर, आणि तीही तिच्याच हातची. चौदा वर्षांत एक खाडा नाही. तापाने फणफणलेली असतानाही तिने तवा ठेवला होता. या भाकरीच्या जोरावर आपण वर राजेश्रीला भेटणार, अशी तिने मनाशी पक्की गाठ बांधली होती.

राजेश्री तिची एकुलती एक लेक. नवऱ्याने रॉकेल ओतून जाळली. परभणीच्या दवाखान्यात नऊ दिवस तडफडली. नातेवाईक तोंड दाखवून गेले. उशाशी बसून राहिली ती ही प्रार्थनेची माणसं. जाताना पोरीने येशूचं नाव घेतलं, आणि दगडाबाईही त्यांच्यातलीच झाली.

आता तो जाळणारा जावई, भागवत, शिक्षा भोगून सुटला होता. तुरुंगात येशूच्या विश्वासात आला होता म्हणे. रविवारी भोजनाला येणार, हे सांगायला पास्टर लिंबाजी आदल्या दिवशी आला, तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. तिने सूप आदळलंच.

"त्येनं काय केलं वो असं? कुणाचं भलं केलं?"

"काईच न्हाई, मावशी. नुसता विश्वास ठेवला."

"आन मी चौदा वर्सं हात भाजून घ्यायले, त्येचं काय?"

लिंबाजी भला माणूस, पण खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. "त्येच्यानं तारण मिळत न्हाई, वरचं दार उघडत न्हाई. आपल्या राजेश्रीनं तरी काय केलं होतं? नाव घेतलं, तेवढंच. तुमाला बी फुकटच हाय, मावशी. भागवतइतकंच."

त्या शेवटच्या शब्दाने म्हातारीच्या अंगाची आग झाली. भागवतचा राग तर होताच, पण खरं सांगायचं तर तिला देवाचा जास्त आला.

तरी रविवारी सकाळी तिने भाकर थापली. न थापावी तर चौदा वर्षं पाण्यात जातात.

तिथली रीत अशी, की भाकर भाजणारीने सगळ्यांना तुकडा द्यायचा, पण स्वतःच्या हाताने घ्यायचा नाही. उरलेला तुकडा शेवटी बसलेल्याने तिच्या तळहातावर ठेवायचा. देणारीनेही एकदा हात पसरावा म्हणून लिंबाजीच्या बापाने ही रीत घालून दिली होती. शेवटी दरवेळी म्हातारी प्रभावती असायची. आज तिच्याही मागे, दाराशी चपलांजवळ, भागवत बसला होता.

दगडाबाई देत देत त्याच्यापाशी आली. केस पिकलेले, मान खाली. तिने त्याच्या हातावर तुकडा ठेवला. आपल्याला हेही जमलं, याचा तिला अभिमानच वाटला.

मग भागवत उठला. ताटातला उरलेला तुकडा घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"मामी, माफी मागायला मला तोंड न्हाई. ह्ये प्रभूच्या नावानं घ्या."

पदराखाली तिची मूठ आवळलेली होती. उघडली, तर आपण आणि हा एका पंगतीचे. नाही उघडली, तर राजेश्रीकडे जायची दुसरी वाट नाही. तिला सगळं कळत होतं. तिने जोर लावून पाहिला, पण बोटं सुटेनात.

"ठेव ताटात," ती म्हणाली.

माणसं पांगली. ती ताटापुढे बसून राहिली. तुकडा वाळत चालला होता. दुपार कलता कलता तिची मूठ आपोआप सैल पडली. तिने हात पसरलाही. पण तुकडा हातावर ठेवणारा परभणीच्या एसटीने केव्हाच निघून गेला होता.