डावा हात

पहिल्यांदा ऋतुराजची हातोडी चुकली आणि टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी पकडीवर आपटली. दुसऱ्यांदा ती बुद्धभूषणच्या उजव्या हाताच्या बोटांवर बसली.

भरतीला आलेल्या कंपनीची निवडयादी नुकतीच लागली होती. आयटीआयच्या फिटर वर्गातून एकच नाव होतं, बुद्धभूषणचं.

“कोट्यातून लागलास,” शेजारच्या टेबलावरचा ऋतुराज म्हणाला होता.

“कंपनीत कोटा नसतो. चाचणीत तू घासलेला जॉब तिरका होता,” कानस चालू ठेवतच बुद्धभूषणने सांगितलं होतं.

निदेशिका हेमा चार पावलांवर उभी होती. तिने दोन्ही वाक्यं ऐकली होती.

ती पोहोचेपर्यंत हातोडी आणखी दोनदा त्याच बोटांवर पडली. ऋतुराज त्याच्या छातीवर बसून त्याचं डोकं फरशीवर आपटत होता. हेमाने त्याची कॉलर ओढली, तेव्हा त्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं आणि ओठ फाटला. शेवटी चौघांनी त्याला आडवा पाडला. फरशीवरच्या लोखंडाच्या किसात रक्त पसरत गेलं.

डॉक्टरांना दोन बोटं काढावी लागली. त्याची आई चंद्रभागाबाई बिबवेवाडीहून दवाखान्यात धावत आल्या. हेमाने, “मी त्याची मॅडम,” एवढंच म्हटलं आणि त्यांनी तिच्या थोबाडीत मारली.

“तुमच्याकडे शिकायला पाठवला होता ना?”

फाटलेला ओठ पुन्हा वाहू लागला. हेमाने तो पुसला नाही.

संध्याकाळी प्राचार्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

“अपघात लिहा, मॅडम. जॉब निसटला, व्हाइस लागला. पोरांची भांडणं पोलिसांत कशाला?”

“व्हाइस जात काढत नाही, सर.”

तिने सगळं लिहिलं. कोट्याचा शब्द लिहिला. तो वर्षभर वर्गात कानावर पडत होता आणि आपण गप्प राहिलो, हेही लिहिलं. मग स्वतः चौकीत नेऊन दिलं. ऋतुराजला त्याच रात्री अटक झाली.

दोन महिन्यांनी बुद्धभूषण आयटीआय सोडल्याचा दाखला न्यायला वर्गात हेमाकडे आला. कंपनीने त्याच्या जागी दुसऱ्याला घेतलं होतं. उजवा हात त्याने खिशातून काढलाच नाही.

हेमाने अर्ज बाजूला ठेवला आणि त्याच्यापुढे कानस धरली.

“मूठ डाव्या हातात.”

“डाव्या हाताने फिटर होत नाही, मॅडम.”

“उजवा पाय पुढे घे.”

तो हलला नाही. तेव्हा तीच उजवा पाय पुढे घेऊन व्हाइससमोर उभी राहिली. डाव्या मुठीने कानस पुढे रेटली, उचलली, मागे घेतली, पुन्हा रेटली. व्हाइसमधल्या लोखंडी तुकड्याची कड सरळ येत गेली. वर्गातले इतर आवाज एकेक करून थांबले.

तिने कानस खाली ठेवली, तेव्हा त्याला तिचा डावा तळहात दिसला. फोड येऊन फुटले होते, सुकले होते, त्यांच्यावर पुन्हा नवे आले होते.

बुद्धभूषणने खिशातून हात काढला.

“परत दाखवा,” तो म्हणाला. “सावकाश.”