हाताला बांधलेला पाइप

चांगसिकची शवपेटी कारखान्याच्या फाटकासमोर ठेवून एकोणीस दिवस झाले होते. रेयॉन खात्यातल्या विषारी वायूनंच तो गेला, असं कंपनीनं लिहून दिल्याशिवाय नवऱ्याला मातीत घालायचं नाही, या हट्टाला मालसुन पेटली होती. कंपनीचा डॉक्टर म्हणे, दारूनं मेला. वायूनं असता तर बाकीचे नसते का आजारी पडले? बाकीचे आजारी होतेच, पण नोकरीच्या भीतीनं तोंडाला कुलूप लावून बसले होते.

ग्यंगरान नावाची पोरगी या सगळ्याची फिल्म काढत होती. तिला भाषणं नकोत, बारीकसारीक गोष्टी हव्यात.

"माझ्या चपलांची कसली फिल्म काढतेस गं? त्यांनी काय घोडं मारलंय?" मालसुन वैतागायची.

"माणसं कॅमेऱ्यासमोर खोटं बोलतात काकू. चपला नाही बोलत."

विसाव्या दिवशी सकाळी कंपनीची टोळी आली. टोळी कसली, त्याच कारखान्याचे कामगार, तोंडाला मास्क, डोक्याला हेल्मेट, हातात लोखंडी पाइप. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते काही उगाच नाही. त्यांनी पेटीपुढे मांडलेला चांगसिकचा फोटो फोडला, त्याच्यापुढचा भाताचा वाडगा लाथाडला. पेटीची राखण करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा जबडाच मोडला. तो दात थुंकत खाली बसला. ग्यंगरानचं कपाळ फुटलं, तरी तिनं कॅमेरा सोडला नाही.

एकजण पेटीवरच घाव घालू लागला. फळी तडकली, आतलं तागाचं कफन दिसलं. मालसुननं पेटीवर अंग टाकलं आणि पुढचा घाव तिच्या खांद्यावर बसला. हाड कडकन मोडलं. ती गुरासारखी ओरडली.

पाइप पुन्हा वर गेला तेव्हा तिला तो हात खालून दिसला. पाइप मनगटाला काळ्या टेपनं गुंडाळून बांधला होता, बोटं नुसती लोंबत होती. चांगसिकची बोटं अशीच लुळी पडल्यावर त्याच्या हाताला तिनं वर्षभर असाच चमचा बांधला होता.

तिनं धडक्या हातानं ते मनगट धरून खाली ओढलं. माणूस गुडघ्यांवर कोसळला, मास्क घसरला. दॉकमान! चांगसिकच्याच पाळीतला, हिच्या घरी किमची लोणच्याची बरणी रिकामी करून जाणारा.

"बोटं कधी गेली?" तिनं विचारलं.

"सोडा, वहिनी."

"कधी गेली?"

"चुसॉकच्या सणापासून. कुणाला सांगू नका, उद्याच काढतील मला. धाकटी अजून शाळेत आहे हो."

मागून मालसुनच्या बाजूची युनियनची पोरं दांडकी घेऊन धावली. "हाणा भडव्याला!" पहिलं दांडकं दॉकमानच्या पाठीत बसलं.

"वहिनी, हा पाइप सोडवा! हातात पाइप बघून ठार मारतील मला. मला टाकता येत नाही हो!"

मालसुनला त्याची दया आली. त्याहून जास्त संताप आला.

"ग्यंगरान! इकडे ये! याचा हात घे कॅमेऱ्यात. तोंडासकट घे."

"वहिनी, पाया पडतो."

"आधी फिल्म. मग सोडवते." दुसरं दांडकं बसलं. तिनं त्याचं मनगट तसंच वर धरलं. "हलवू नकोस, दॉकमान."

"मी नाही हलवत, वहिनी," तो रडत म्हणाला. "आपोआप हलतो."

"तेच घे, पोरी," मालसुन म्हणाली.